सत्तेचाळीस पूर्ण वह्या आणि नऊ रुपयांची चादर

प्रकरण: सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी माध्यमाची शाळा, दहावी 'ब', पट ५२, विषय गणित भाग १, म्हणजे बीजगणित. हा वर्ग कुठल्या एका शाळेचा नाही. या भागातल्या वर्गांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते एका जागी दिसावं म्हणून तो रचला आहे. पटाचे आणि गुणांचे आकडे उदाहरणापुरते आहेत. गणितं, मुलांच्या चुका आणि बोर्डाचा आराखडा मात्र खरा. पाठ्यपुस्तकात चलं रोमन अक्षरांत असतात, इथे सोयीसाठी क्ष आणि य वापरले आहेत.

जूनमधला कागद

गणिताचे आठवड्याला सहा तास: तीन बीजगणिताचे, तीन भूमितीचे, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. शाळा उघडली त्याच आठवड्यात मॅडमनी छापील नियमपत्रक वाटलं. वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायचं आणि खाली पालकांची सही आणायची. नियम १४. वही स्वच्छ असावी, खाडाखोड नको, गृहपाठ रोज पूर्ण हवा, समास आखलेला हवा, वहीला तपकिरी कव्हर हवं, तासाला बोलू नये, कंपासपेटी रोज आणावी, गैरहजर राहिल्यास चिठ्ठी आणावी, अपूर्ण गृहपाठाला गुण नाहीत, आणि असेच आणखी पाच.

मॅडम मन लावून शिकवणाऱ्या. पत्रकात खोट काढावी असं वरवर काही नाही, सगळ्याच शाळांत असं असतं. पण चौदापैकी एकही नियम बीजगणिताबद्दल बोलत नाही. हेच पत्रक इतिहासाच्या वहीत चिकटवलं तरी चाललं असतं.

दहावीच्या २०१८ साली आलेल्या पुस्तकात बीजगणिताची सहा प्रकरणं आहेत आणि पहिलंच दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. जून-जुलै त्यात गेला: चलाचा लोप करणं, आलेख, निश्चयक (दोन ओळींत मांडलेल्या चार संख्यांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) आणि त्यावर चालणारी क्रेमरची पद्धत, शेवटी शाब्दिक उदाहरणं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २० गुणांची घटक चाचणी झाली. त्याआधी वह्या तपासल्या तेव्हा ५२ पैकी ४७ वह्या पूर्ण होत्या. चाचणीत २३ जणांना ७ पेक्षा कमी गुण पडले.

यातलं एक उदाहरण मुद्दाम गृहपाठातलंच घेतलं होतं, फक्त किमती बदलून. ४७ पूर्ण वह्यांच्या मालकांपैकी ११ जणांना ते सुटलं. १९ जणांनी 'समजा' एवढं लिहून सोडून दिलं. उरलेल्या १७ पैकी दहांनी समीकरणाला गुणताना चूक केली, तर सातांचं समीकरणच चुकलं. ज्या पाच जणांच्या वह्या अपूर्ण होत्या आणि ज्यांना जुलैभर बोलणी खावी लागली होती, त्यातल्या तिघांना मात्र ते सुटलं.

चादर ९ रुपये, टॉवेल ६८६ रुपये

चाचणीतलं उदाहरण असं: ३ चादरी आणि २ टॉवेल यांची किंमत १४०० रुपये, २ चादरी आणि ५ टॉवेल यांची १३०० रुपये. प्रत्येकाची किंमत काढा.

समीकरणं ३क्ष + २य = १४०० आणि २क्ष + ५य = १३००. पहिल्याला ५ ने, दुसऱ्याला २ ने गुणलं की १५क्ष + १०य = ७००० आणि ४क्ष + १०य = २६००. वजाबाकी केल्यावर ११क्ष = ४४००, क्ष = ४००, मग य = १००.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने लिहिलं: १५क्ष + १०य = १४००, ४क्ष + १०य = १३००. गुणलं, पण फक्त डावीकडे. ११क्ष = १००. क्ष = ९.०९. तो मूळ पहिल्या समीकरणात घालून य = ६८६.३६. खाली दुहेरी रेघ मारून उत्तर: एका चादरीची किंमत ९.०९ रुपये. अक्षर सुरेख, समास आखलेला, खाडाखोड कुठेच नाही.

ही मुलगी राहते तिथे घरोघर माग आहेत. चादर काय भावाने जाते हे तिला झोपेत विचारलं तरी सांगेल. पेपर परत देताना मॅडमनी ती ओळ तिलाच वाचायला लावली. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "चादर नऊ रुपयाला कुठं मिळती ओ मॅडम?" मग अर्ध्या मिनिटात स्वतःच, "उजवीकडं पण गुणायचं राहिलं होय."

म्हणजे तिला येत होतं. उत्तराकडे माघारी वळून बघायचं असतं, हे तिच्याकडून कुणी मागितलं नव्हतं. पत्रकाने मागितलं होतं ते पूर्ण वही आणि स्वच्छ पान, आणि ते तिने इमानेइतबारे दिलं होतं. या प्रकरणाचं मूळ इथे आहे. मुलं बेजबाबदार होती असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. जी जबाबदारी सांगितली होती ती त्यांनी पार पाडली. फक्त ती पार पाडायला बीजगणित करावं लागत नव्हतं, उतरवून घेतलं तरी भागत होतं.

आणि उतरवलं होतंच. नऊ वह्यांमध्ये 'समीकरण (२) ला २ ने गुणून' ही ओळ नेमकी एकाच उदाहरणात, एकाच जागी गळालेली. एक वही सकाळी प्रार्थनेआधी बाकाबाकांवरून फिरली होती. सात-आठ जणांनी गाईडमधून उतरवलं, तर काहींनी क्लासच्या वहीतून. यामागचं कारण साधं आहे. गृहपाठ म्हणून अख्खा सरावसंच, म्हणजे दहा-बारा गणितं दिली जात. घंटा होता होता "सगळा सोडवून आणा" असं सांगितलं जाई. मन लावून करायचा तर त्याला दीड तास लागतो. वर अपूर्ण गृहपाठाला शून्य. सहा गणितं स्वतः करून आणणाऱ्याला शून्य आणि बारा उतरवणाऱ्याला पूर्ण गुण, असा हिशेब पंधरा वर्षांच्या पोराला कळायला वेळ लागत नाही.

घरचा दीड तास

हा दीड तास कुठून येणार, याचाही विचार हवा. वर्गातल्या निम्म्या घरांत तेलुगू बोललं जातं, काही घरांत कन्नड. वडील यंत्रमागावर, त्यांची पाळी बदलती. अनेक घरांत आई विड्या वळते. पानं कापायला आणि संध्याकाळी विड्या मोजून लावायला मुलींचा हात लागतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या आड येतं, आणि आलं की घरातल्या प्रत्येकाला तेच काम. पाण्याच्या दिवशी पहिल्या तासाला चार-पाच बाकं रिकामी दिसतात. गैरहजेरीच्या चिठ्ठीवर 'पोटदुखी' असतं, पण हजेरीच्या वहीत त्या तारखांचं अंतर बघितलं की कारण कळतं.

पालकांच्या सहीचंही तसंच. आईला मराठी वाचता येत नसेल तर ती सही कशाला घालते आहे? ती मुलावर विश्वास ठेवते, एवढंच. तिला करता येईल असं काहीतरी मागायला हवं होतं.

पत्रक नव्याने लिहिलं तेव्हा

ऑगस्टच्या मध्याला जुनं पत्रक काढून अर्ध्या पानाचं नवं केलं. त्यात शिस्तीची कलमं ठेवली नाहीत. ती शाळेच्या नियमांत आहेतच. कसोटी एकच लावली: ही अपेक्षा मुलाने पाळली की नाही हे त्याच्या वहीतल्या ओळीवरून दिसतं का, आणि ती पाळण्यासाठी त्याला बीजगणित करावं लागतं का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तरच कलम ठेवलं.

गृहपाठ चार गणितांचा. दोन साधी, एक शाब्दिक, एक मागच्या आठवड्यातलं. वेळ जास्तीत जास्त ३० मिनिटं, घड्याळ लावून. वेळ संपली किंवा पुढे सुचेना की तिथे आडवी रेघ मारायची, 'इथे अडलो' लिहायचं आणि काय कळलं नाही ते एका ओळीत. अशी वही पूर्ण धरली जाईल. मॅडमनी चारही गणितं आदल्या दिवशी स्वतः घड्याळ लावून सोडवायची आणि लागलेल्या वेळाची तिप्पट मुलांना लागेल असं धरायचं. त्यांना १० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर एक गणित कमी करायचं. गृहपाठ फळ्यावर लिहायचा तो २५व्या मिनिटाला. उरलेल्या दहा मिनिटांत पहिलं गणित वर्गातच सुरू करायचं, म्हणजे ज्याला सुरुवातच जमत नाही तो तिथेच कळतो. ज्या मुलीच्या घरी संध्याकाळी हाताला उसंत नसते तिचं एक गणित शाळेतच होऊन जातं.

दुसरी अपेक्षा पहिल्या ओळीची. शाब्दिक उदाहरणात 'समजा, क्ष = चादर' असं लिहिलेलं चालणार नाही. 'समजा, एका चादरीची किंमत क्ष रुपये' असंच हवं. काहींना हा शब्दांचा काथ्याकूट वाटेल, पण तसं नाही. क्ष म्हणजे चादर असं डोक्यात बसलं की ३क्ष + २य म्हणजे 'तीन चादरी आणि दोन टॉवेल, पाच वस्तू' असं वाटायला लागतं आणि मूल ५ हा आकडा कुठेतरी घुसवतं. क्ष ही संख्या आहे हे त्या एका ओळीत ठरतं. बोर्डाच्या पेपरातही समीकरण मांडण्याला गुण असतात. उत्तर चुकलं तरी मांडणीचे गुण हातचे जात नाहीत, हे मुलांना सांगितलेलं बरं.

'पेक्षा' या शब्दावर वेगळा वेळ द्यावा लागला. 'चार टॉवेलांची किंमत एका चादरीपेक्षा ५० रुपयांनी जास्त आहे.' वर्गातल्या बहुतेकांनी लिहिलं: ४य + ५० = क्ष. वाक्यात 'जास्त' दिसलं की हात आपोआप अधिकचं चिन्ह जवळच्या पदाला लावतो. चार टॉवेल आधीच जास्त आहेत, त्यात आणखी ५० घालून कसं चालेल? यावर उपाय असा ठरला की समीकरण लिहिण्याआधी समासात 'जास्त कोण?' याचं उत्तर लिहायचं. इथे उत्तर ४य. मग 'जास्त उणे कमी = फरक': ४य − क्ष = ५०. ही एक ओळ समासात लिहायची सक्ती दीड महिना ठेवली. तेलुगू घरातल्या मुलांना वाक्यरचनेचा त्रास होत नाही, तिथेही तुलना अशीच बोलली जाते. अडतं ते 'अनुक्रमे', 'क्रमागत', 'एकसामयिक', 'अंश', 'छेद' अशा पुस्तकी शब्दांपाशी. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द आणि प्रत्येकासमोर एक छोटं उदाहरण. अर्थ घरच्या भाषेत लिहिला तरी चालेल.

तिसरी अपेक्षा खोडरबराविषयी, आणि मुलांना सर्वात जड गेली ती हीच. बीजगणिताच्या वहीत खोडरबर आणि व्हाइटनर बंद. चूक झाली की त्यावर एकच रेघ, खालची अक्षरं वाचता येतील अशी. त्याखाली योग्य ओळ शिसपेन्सिलने. उजवीकडे दोन-तीन शब्दांत चुकीचं नाव: 'उजवी बाजू गुणली नाही', 'चिन्ह बदललं नाही', 'कंस सोडताना'. 'सिली मिस्टेक' हे नाव चालणार नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. महिनाभराने स्वतःची वही चाळली की एकच चूक सात वेळा लिहिलेली सापडते, आणि ती मुलाला स्वतःला दिसते. खोडलेल्या वहीत हे कधीच दिसलं नसतं.

ताळा दोन्ही समीकरणांत

चौथी अपेक्षा ताळ्याची. यावर जरा थांबायला हवं, कारण अर्धा ताळा हा ताळा न करण्याइतकाच धोक्याचा आहे.

गणित घ्या: ४क्ष − ३य = ५ आणि २क्ष + य = ५, क्रेमरच्या पद्धतीने. निश्चयकाची किंमत ४ × १ − २ × (−३), म्हणजे ४ + ६ = १०. क्ष साठीचा निश्चयक ५ × १ − ५ × (−३) = २०, य साठीचा ४ × ५ − २ × ५ = १०. म्हणून क्ष = २० ÷ १० = २, य = १० ÷ १० = १.

आता नेहमीची चूक. निश्चयक मांडताना −३ चं उणे चिन्ह गळतं. मग पहिला निश्चयक ४ − ६ = −२, दुसरा ५ − १५ = −१०, तिसरा १०. क्ष = ५, य = −५. मूल ताळा करतं आणि तोंडी सोपं म्हणून दुसरं समीकरण घेतं: २ × ५ + (−५) = ५. जुळलं! बरोबरची खूण करून मोकळं. पण पहिल्यात घातलं तर २० + १५ = ३५ येतं, ५ नाही.

हा योगायोग नाही. चिन्ह गळाल्याने मुलाने नकळत ४क्ष + ३य = ५ हे निराळंच समीकरण सोडवलं आणि दुसरं जसंच्या तसं ठेवलं. ज्याला हात लागला नाही ते जुळणारच. म्हणून पत्रकात शब्द असे ठेवले: 'ताळा दोन्ही समीकरणांत, दिलेल्या मूळ रूपात, पुस्तकात बघून.' मूळ रूप का, तर वहीत समीकरण उतरवतानाच चूक झाली असेल तर वहीतल्या समीकरणात ताळा सुखेनैव जुळतो. शाब्दिक उदाहरणात ताळा समीकरणात करायचाच नाही, तो गोष्टीत करायचा: तीन चादरी बाराशेच्या, दोन टॉवेल दोनशेचे, झाले चौदाशे. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर तेही इथे पकडलं जातं.

ताळ्याला फारतर दीड मिनिट लागतं. बोर्डाच्या ४० गुणांच्या पेपरला दोन तास असतात, वेळ पुरतो.

पाचवी अपेक्षा शेजाऱ्याविषयी: समजावून सांगा, पण पेन ज्याचा त्याच्या हातात. दुसऱ्याच्या वहीला पेन लावायचा नाही आणि आपली वही द्यायची नाही. 'पुढची पायरी काय असेल?' एवढं विचारायचं. गैरहजर राहिलेल्याने दोन दिवसांत त्या तासाची दोनच गणितं करायची, कुठली ते मॅडम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात आणि आठवडाभर पुसत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेला वहीचा फोटो उतरवून काढला तर ते भरून काढलेलं धरत नाहीत.

घरच्यांकडून सही मागणं बंद केलं. त्याऐवजी रात्री एक प्रश्न विचारायचा: आज कुठे अडलं? मग वहीतली ती रेघ बोट ठेवून दाखवायला सांगायची. यासाठी आईला बीजगणित यायला लागत नाही, मराठी वाचायलाही लागत नाही.

मॅडमच्या बाजूचं ओझं

मुलांकडून इतकं मागायचं तर समोरूनही काही ठरलेलं हवं, नाहीतर तीन आठवड्यांत सगळं मोडतं. ५२ वह्या रोज तपासणं अशक्य. प्रत्येकी २ मिनिटं धरली तरी १०४ मिनिटं होतात. म्हणून रोज १३ वह्या, चार दिवसांत वर्ग पूर्ण, एका ऑफ तासात २६ मिनिटांचं काम. तपासायचं काय? अख्खं गणित नाही. 'इथे अडलो' ची रेघ, शिसपेन्सिलची दुरुस्ती आणि ताळा, एवढंच. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली ५ मिनिटं सर्वाधिक जण जिथे अडले त्या एका जागेला. चुकीची मांडणी फळ्यावर येते ती कुणाची हे न सांगता.

शनिवारी सकाळच्या शाळेत १० मिनिटांची ५ गुणांची चाचणी, दोन गणितं, त्यातलं एक गृहपाठातलं आकडे बदलून. बोर्डाच्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात गृहपाठाचा जो भाग असतो तो पूर्णतेवर न देता दुरुस्तीवर आणि या चाचण्यांवर द्यायचा असं ठरलं. उतरवण्याचा फायदाच उरला नाही, मग ओरडावंही कमी लागलं.

काय बिघडलं

पहिल्या आठवड्यात 'इथे अडलो' चा पाऊस पडला. एकोणीस वह्यांत चारही गणितांखाली रेघ, वर फक्त 'समजा'. मुलांना पळवाट सापडली होती, आणि त्यात नवल काही नाही. 'प्रयत्न' म्हणजे काय हे पत्रकात सांगितलंच नव्हतं. मग ते ठरवलं: शाब्दिक गणितात रेघेच्या आधी किमान तीन ओळी हव्यात, 'समजा' ची ओळ, एका अटीवरून एक समीकरण, आणि दुसऱ्या अटीतला कुठला शब्द अडला तो. साध्या गणितात समीकरण प्रमाण रूपात लिहिणं, रीत निवडणं आणि तिची पहिली पायरी. तीन ओळी नसतील तर ते गणित मधल्या सुट्टीत मॅडमसमोर बसून. दोन आठवड्यांत एकोणिसाचे चार झाले.

दुसरी अडचण क्लासची. वर्गातले अठरा जण संध्याकाळी क्लासला जातात. तिथे धडा शाळेच्या दीड महिना पुढे असतो आणि मांडणीची रीत वेगळी. शाळेत निश्चयक चालू असताना ही मुलं लोप करून उत्तर काढतात आणि 'आम्हाला येतं' म्हणून बसून राहतात. यावर भांडण्यात अर्थ नव्हता. नियम सरळ केला: प्रश्नात रीत सांगितली असेल तर त्याच रीतीने, नसेल तर कुठलीही, मात्र प्रत्येक पायरीचं कारण तोंडी सांगता यायला हवं. अठरांपैकी पाच-सहा जण कारणाशी अडखळले, आणि त्यांना स्वतःलाच कळलं की आपण रीत पाठ केली आहे.

तिसरी अडचण स्टाफरूममधून आली. सप्टेंबरमध्ये पर्यवेक्षकांनी वह्या बघितल्या. रेघा, शिसपेन्सिलची दुरुस्ती, अर्धवट गणितं. जुलैत ४७ वह्या पूर्ण होत्या, आता सगळी गणितं सोडवलेल्या ३१. 'वर्ग बिघडला' असं त्यांचं मत झालं, आणि नुसत्या वह्या बघितल्या तर तसं वाटणारच. पालकसभेतही एका वडिलांनी वही उघडून विचारलं, "आमच्या पोराला काहीच येत नाही का?" मॅडमनी त्याच पानावरची एक दुरुस्ती मुलाला समजावून सांगायला लावली. मुलाने सांगितली. पर्यवेक्षकांसमोर मात्र शनिवारच्या चाचण्यांचा तक्ता ठेवावा लागला. असा बदल करणाऱ्याने हा तक्ता पहिल्या आठवड्यापासून ठेवावा. वही विद्रूप दिसायला लागते पंधरा दिवसांत, गुण वाढायला दोन महिने लागतात, आणि मधला काळ कागदाशिवाय निभावत नाही.

सत्र परीक्षेनंतर

प्रथम सत्राच्या ४० गुणांच्या पेपरात १४ पेक्षा कमी गुण असलेले १४ जण राहिले. चादरीसारखं गणित, जे ऑगस्टमध्ये वर्गातल्या १४ जणांना सुटलं होतं, ते या वेळी २९ जणांना सुटलं. आणखी आठ जणांचं उत्तर चुकलं, पण ताळा जुळत नाही हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं. चूक सापडली नाही, पण आहे हे कळलं. ऑगस्टमध्ये असं एकानेही लिहिलं नव्हतं.

त्या चौदांतले पाच जण वारंवार गैरहजर असतात. त्यांचा प्रश्न पत्रकाने सुटणारा नाही, घरी जाऊन बोलावं लागेल. उरलेले नऊ रोज येतात, रोज रेघ मारतात, रोज दुरुस्ती करतात. त्यांच्या चुकांची नावं वाचली तर बीजगणिताची जवळजवळ नाहीतच: '−७ आणि +३ ची बेरीज', 'अपूर्णांकाचा छेद', 'उणे गुणिले उणे'. हा सातवी-आठवीचा राहिलेला हिशेब आहे. त्यांच्याकडून दहावीच्या समीकरणात जबाबदारी मागणं अन्यायाचं होतं, आणि इतके दिवस कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण पूर्ण वहीत ते झाकलं गेलं होतं. या नऊ जणांसाठी शाळा भरण्याआधी आठवड्यातून तीनदा २० मिनिटं ठेवली: चिन्हांकित संख्या दोन आठवडे, अपूर्णांक तीन आठवडे, मग एका चलातलं समीकरण. त्यांचा गृहपाठ तोवर दोनच गणितांचा, पण ताळा सर्वांसारखाच.

दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक आखताना जानेवारीचा मधला आठवडा मोकळा सोडला. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, नंदीध्वज निघतात, पूर्व भागातली घरं पाहुण्यांनी भरतात आणि त्याच सुमाराला सराव परीक्षा येते. त्या आठवड्यात नवीन गृहपाठ नाही. मुलांनी जूनपासूनची आपली वही उघडायची, शिसपेन्सिलच्या ओळींसमोरची चुकीची नावं मोजायची, आणि सर्वात जास्त वेळा आलेल्या चुकीवर स्वतः तीन गणितं तयार करून शेजाऱ्याला द्यायची. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वहीत 'उजवी बाजू गुणली नाही' ऑगस्टमध्ये सहा वेळा आहे, सप्टेंबरमध्ये दोनदा, आणि दिवाळीनंतर अजून एकदाही नाही.